छापील बैलाचा दुखवटा

अमेरिकेतली लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पण तिच्या कृपेनं कापसाचा भाव चढून अमरावतीत आलेली चांदी अजून संपली नव्हती. ती ठेवायची कुठं हे न कळल्यामुळे लोकांनी दिसेल तिथं लावून टाकली होती. बायकांच्या दंडावर जागा उरली नाही, तेव्हा पाळी बैलांच्या शिंगांवर आली. किसनरावांच्या नव्या जोडीच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि ती जोडी वेशीतून निघाली की पोरं मागे धावायची. एवढा कापूस पिकला तर माणूस हौस करणारच. किसनरावांनी दोन केल्या. एक ही जोडी. आणि दुसरी म्हणजे दहा वर्षांच्या मनकर्णेला, आपल्या एकुलत्या एक लेकीला, सरकारनं नव्यानं काढलेल्या मुलींच्या शाळेत घातलं.

जोडीला कोणी नावं ठेवली नाहीत. शाळेला मात्र सगळ्या भाऊबंदांनी ठेवली. "पोरगी शिकून काय कापसाचा भाव फोडनार हाये?" असं कोणीतरी चावडीवर म्हटलं आणि किसनराव इरेला पेटले. लोक जितके हसले तितकी पोरगी नेमानं शाळेत जाऊ लागली. तिला तर शाळा इतकी आवडली की सुटीच्या दिवशी ती कापसाच्या गाठींवर रंगानं लिहिलेली नावं मोठ्यानं वाचत बसायची.

त्या हिवाळ्यात अकोल्याहून शाळा तपासायला डिपोटी येणार असल्याचं कळलं. शाळेचे पंतोजी नारायणपंत हे पुण्याकडचे, तरुण आणि स्वभावानं फार हळवे. त्यांनी प्रत्येक मुलीला डिपोटीपुढं वाचायचा एकेक धडा नेमून दिला. मनकर्णा सगळ्यांत चांगली वाचायची, म्हणून सगळ्यांत लांब धडा तिच्या वाट्याला आला. तो होता म्हाताऱ्या बैलाचा.

धडा असा होता: एका गावी एक शेतकरी होता. त्याच्या बैलाने बारा वर्षे इमानाने नांगर ओढला. पुढे तो बैल थकला तेव्हा धन्याने त्यास दूर रानात सोडून दिले. परंतु तो मुका प्राणी माग काढीत परत आला. त्याने शिंगाने दार हालविले. दार कोणी उघडिले नाही. सकाळी धनी पाहतो तो बैल उंबऱ्याशी मरून पडला होता.

मनकर्णा 'शिंगाने दार हालविले' इथपर्यंत आली आणि तिचा आवाज फुटेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. तिसऱ्यांदा ती पुस्तकात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली.

कारण तिच्या घरचा चांद्या अगदी असंच करायचा. कपाळावर पांढरा चंद्र असलेला तो म्हातारा बैल संध्याकाळी सरकीची वेळ झाली की शिंगानं स्वयंपाकघराचं दार हलवायचा, आणि मनकर्णा ओंजळभर सरकी घेऊन धावायची. दिवाळीनंतर ती मामाकडं चांदूरला गेली होती. परत येऊन बघते तर चांद्याचा खुंटा रिकामा आणि शेजारी चांदीची शिंगं मिरवणारी नवी जोडी. "अकोल्याच्या बाजारात इकला," बाप म्हणाला, "अन् आता त्याचं नाव या घरात काढाचं नाही." ते नाव कोणी काढलं नाही. मनकर्णेनंही गिळून टाकलं होतं, ते आता धड्यातून वर आलं.

रडणाऱ्या मुलीपुढं काय करावं हे नारायणपंतांना कोणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "बाळ, हा धडा राहू दे. तुला ग्रहणाचा धडा देतो. त्यात कोणी मरत नाही."

"नाही पंतोजी, मले हाच पाह्यजे," मनकर्णा नाक पुसत म्हणाली. धडा सोडला तर आपणही त्या बैलाच्या तोंडावर दार लावलं असं होईल, असं तिला वाटत होतं. पण हे पंतोजींना सांगायची तिला लाज वाटली.

मग वर्गानं उपाय सुरू केले. एकीनं सांगितलं, मांडीला चिमटा घे. तिनं घेतला आणि दोन कारणांनी रडली. दुसरीनं मिरे चावायला दिले. त्यानं तर सगळ्या वर्गाच्या डोळ्यांना पाणी आलं, कारण सगळ्यांनीच चाखून पाहिले. पंतोजी म्हणाले, अर्थाकडं लक्ष न देता भरभर वाच. ती उतारावरच्या बंडीसारखी धावत सुटली आणि दाराशी येऊन चाक निखळलं. शेवटी मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बैलाच्या जागी डिपोटी म्हन ना."

मनकर्णेनं वाचलं, "डिपोटीने शिंगाने दार हालविले."

वर्ग हसून लोळला. नारायणपंत रागवायला उठले, आणि उपरण्याचं टोक तोंडाला लावून भिंतीकडं वळले. त्यांची पाठ बराच वेळ हलत होती. उपाय नामी होता, पण साक्षात डिपोटीपुढं तो करायचा कसा?

शाळेत पोरगी रडते ही बातमी चावडीवर पोचली आणि भाऊबंद पुन्हा हसले. किसनराव पाय आपटत घरी आले.

"काहून व मने, शाळेत रडायले धाडलं का तुले? घरी जागा कमी हाये?"

"बा, तो धडाच तसा हाये. त्यात एक बैल—"

"मले नोको सांगू!" ते एवढ्या जोरात ओरडले की नव्या जोडीनं दावं ताणलं. "डिपोटीसमोर डोयाले पानी आलं ना, तं शाळा बंद. शाळेत जो रडन तो दुसऱ्या दिवशी वेचणीले जाईन. या घरचा कायदा हाये हा!"

कापूस वेचायला मनकर्णेची ना नव्हती. पण शाळा बंद हे तिला चालणार नव्हतं. त्या रात्री ती न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्याला गाठलं आणि घरी ओढून आणलं. किसनरावांची थोरली बहीण पार्बताबाई दोन घरं सोडून राहायची आणि रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपल्याकडं लेक सासरी निघाली किंवा माहेरी आली की बायका गळ्यात गळा घालून, सुरात, एकेक आठवण काढत रडतात. त्या रडण्याची सुरुवात पार्बताबाईनं करायची असा पेठेतला शिरस्ता होता. ती असं रडायची की रस्त्यानं जाणारा परका माणूसही थांबून डोळे पुसायचा. आणि रडणं झालं की तोंडावर पाणी मारून त्याच दमात विचारायची, "हं, तुमच्याकडं तुरी कशा हायेत औंदा?"

दुपारची वेळ होती. किसनरावांच्या अंगणात मनकर्णेची आई कौशल्या आणि शेजारच्या बायका कापसातली पत्ती काढत बसल्या होत्या. "वाच बरं," आत्या म्हणाली, "पाहू कोनता बैल हाये तो." मनकर्णा वाचू लागली. धनी बैलाला रानात सोडून आला तिथं पार्बताबाईनं हात वर केला.

"थांब. कोन्या गावचा हाये हा मानूस?"

"गावाचं नाव नाही आत्या. धडा हाये तो."

"नाव लपवलं असन. पन छापलं हाये म्हंजे झालंच असन. सरकार काय खोटं छापते?"

"मोर्शीकडचा असन तो," एक जण म्हणाली.

शेजारची मैनाबाई मोर्शीची लेक. तिनं हातातला कापूस खाली आपटला. "आमच्याकडं बैलाले असं करत नाहीत व माय! तो डोंगराकडचा असन." डोंगराकडची तिथं कोणीच नसल्यामुळे हे सगळ्यांना पटलं, आणि बायकांनी त्या माणसाला पोटभर शिव्या घालून घेतल्या. मग मनकर्णा पुढं वाचू लागली आणि दाराशी येऊन रडली. या वेळी कौशल्यानंही पदरात तोंड लपवलं.

पार्बताबाईनं भावजयीकडं पाहिलं, मग रिकाम्या खुंट्याकडं. "कवसल्ये, चांद्या गेला तवा या घरात कोन रडलं?"

"कोनीच नाही बाई. ह्यांनी नावच काढू देल्लं नाही."

"मंग असं हाये. पोरीले काही झालं नाही. या घराचा दुखवटा राह्यला हाये. उद्या करून टाकू."

"कोनाचा आत्या?" मनकर्णेनं डोळे पुसत विचारलं. "चांद्याचा का धड्यातल्या बैलाचा?"

"दोघाईचा. एकाच खर्चात."

दुसऱ्या दिवशी कौशल्यानं रीतीप्रमाणं चूल पेटवली नाही. दुखवट्याच्या घरी शेजारून कडू घास यायचा असतो. तो मैनाबाईनं आणला, पिठलं आणि ज्वारीची भाकर. पार्बताबाईनं कडूनिंबाचा डहाळा आणून ठेवला. बायका खुंट्याभोवती बसल्या आणि मनकर्णेनं पुस्तक उघडलं.

पहिल्या वाचनाला पार्बताबाईनं जो सूर लावला तो वेशीपलीकडं ऐकू गेला. "अरे माह्या चांद्या रे, तुही सरकी कोन खाईन रे! आभायात चंद्र निंघते रे, तुह्या कपायावरचा कुठं गेला रे!" बायकांनी साथ धरली. मनकर्णा आईच्या गळ्यात पडून इतकी रडली की तिला उचकी लागली, आणि रडताना कोणी 'गप' म्हणत नाही याचं तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात किसनराव वावरातून आले. अंगणातला आकांत ऐकून त्यांनी वहाणा बाहेरच काढल्या, डोक्याचं पागोटं हातात घेतलं आणि पांढरं पडलेलं तोंड आत घातलं. "कोन गेलं व?"

"बैल," पार्बताबाई म्हणाली.

"जोडीतला?"

"धड्यातला."

किसनरावांना सगळा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते असे भडकले की पागोटं उलटं बांधलं गेलं. "पागल झाल्या का तुमी? कागदाच्या बैलासाठी रडून राहिल्या! लोक काय म्हनतीन?"

"तू बी बस किसना. रडून घे, पाला चाव, अन् मोकया हो."

"मले कामं हायेत," म्हणत ते आल्या पावली निघाले. पण जाताना रिकाम्या खुंट्याच्या बाजूनं न जाता ते मुद्दाम वळसा घालून गेले. ते मनकर्णेनं पाहिलं.

दुसऱ्या वाचनाला रडणं निम्म्यावर आलं. तिसऱ्याला मनकर्णा दाराशी आली, ओळीवर बोट दाबून धरलं आणि ती पुढं गेली. बैल मेला तिथं मैनाबाईनं चक्क जांभई दिली. मग सगळ्यांनी कडूनिंबाचा पाला चावला, तोंडं धुतली, आणि जेवायला बसल्या. पहिल्या घासाला मनकर्णा म्हणाली, "आत्या, पिठल्यात मीठ कमी हाये."

मैनाबाईला राग आला, पण पार्बताबाईचा चेहरा फुलला. "झालं! ज्याले मीठ समजलं त्याचा दुखवटा सरला. जाय आता, वाच कुठंबी."

त्या दिवसापासून घरात चांद्याचं नाव पुन्हा निघू लागलं. त्यानं एकदा वाळत घातलेलं लुगडं खाल्लं होतं ती गोष्ट कौशल्यानं हसून हसून सांगितली. फक्त किसनराव आले की सगळ्या गप्प व्हायच्या.

डिपोटी आले ते अकोल्यापासून बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करून घेत आले, त्यामुळे त्यांचा नूर काही ठीक नव्हता. वाळकी देहयष्टी, नाकावर चष्मा आणि कपाळाला आठ्या. मुलींच्या घरची माणसं शाळेच्या ओसरीवर दाटीवाटीनं उभी होती. किसनराव नवं पागोटं घालून सगळ्यांत पुढं होते. भाऊबंद त्यांच्या मागं, कधी एकदा पोरगी रडते आणि आपल्याला हसायला मिळतं याची वाट पाहत. नारायणपंत तर इतके घाबरले होते की त्यांनी स्वतःच मिरे तोंडात धरले होते.

मनकर्णा उभी राहिली. आवाज आधी थोडा कापला, मग लागला. नांगर झाला, रान झालं, माग काढीत येणं झालं. वर्गातल्या मुली श्वास रोखून बसल्या. "त्याने शिंगाने दार हालविले," मनकर्णेनं स्वच्छ वाचलं. "दार कोणी उघडिले नाही."

आणि ओसरीवर कोणीतरी हंबरडा फोडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भरघोस मिशांचे, सहा फुटी किसनराव खांबाला मिठी मारून लहान पोरासारखे रडत होते. नवं पागोटं खाली पडलं होतं. भाऊबंदांना हसायचं होतं, पण तोंडं उघडीच राहिली.

डिपोटींनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"या मुलीचे वडील," नारायणपंत मिरे गिळत म्हणाले.

"काही अशुभ वार्ता आली आहे काय?"

"नाही साहेब," मनकर्णा म्हणाली. "ते दुखवट्याले बसले नव्हते."

यातलं डिपोटींना काही कळलं नाही. त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "आणि तुला नाही रडू आले, मुली?"

"आलं होतं साहेब. परवा येऊन गेलं."

डिपोटींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, बराच वेळ पुसला. "धडा पुरा कर," ते घसा खाकरून म्हणाले. मनकर्णेनं बैलाला उंबऱ्यापर्यंत नेऊन धडा पुरा केला. वहिवाटीप्रमाणं आता तात्पर्य विचारायचं होतं. डिपोटींनी ओसरीकडं एक नजर टाकली. "तात्पर्य विचारण्याचे कारण दिसत नाही," ते म्हणाले. "उत्तम."

घरी आल्यावर किसनराव आपण होऊन रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसले. मनकर्णा त्यांच्याजवळ बसली. मग तेच बोलू लागले.

"मी दोनदा गेल्तो अकोल्याले. चांदीच्या शेंब्या देतो, पन माहा बैल वापस द्या म्हनलं. ज्याले इकला त्यानं पुढं इकला, त्यानं अजून पुढं. कोनालेच मालूम नाही तो कुठं हाये." त्यांनी तळहातानं डोळे पुसले. "थकला होता व मने, पन दोरी धरल्यावर चुपचाप आला माह्यासंगं. त्याले वाटलं, वावरातच चाललो."

"मंग तुमी सांगतलं काहून नाही बा?"

"सांगतलं असतं तं रडलो असतो ना."

मनकर्णेनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिचा बापावरचा इतक्या दिवसांचा राग एकदम ओसरला, आणि त्या जागी नुसती माया दाटून आली. मग तिनं पुस्तक आणलं, आणि आत्यासकट सगळ्या बायकांना बोलावून आणलं.

पहिल्या वाचनाला किसनराव मनसोक्त रडले. पार्बताबाईनं त्यांना सूरही लावून दिला, पण भावाच्या गळ्यात सूर नव्हता, त्यामुळे दुसऱ्या वाचनाला मधूनच सगळ्यांना हसू फुटलं आणि ते स्वतःही रडता रडता हसले. तिसऱ्या वाचनाला मनकर्णेनं दाराशी आल्यावर थांबून बापाकडं पाहिलं. "वाच, वाच," ते म्हणाले. तिनं वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पार्बताबाईनं कडूनिंबाचा पाला पुढं केला. तो चावून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मैनाबाईनं पुन्हा आणलेल्या पिठलं-भाकरीचं ताट ओढलं. सगळ्या जणी त्यांच्या हाताकडं बघत राहिल्या. त्यांनी भाकर मोडली, पिठल्यात बुडवली, घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"बाई," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मीठ कमी हाये."

अंगणात असा हशा उसळला की नवी जोडी पुन्हा बुजली. किसनरावांना काही कळेना. ते एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिले. पार्बताबाईनं हसू आवरत मिठाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. "जेव पोटभर. सकायी लवकर उठाचं हाये तुले. शाळेत रडन त्यानं वेचणीले जाचं, असा कायदा हाये ना या घरचा?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मनकर्णा पाटी घेऊन शाळेच्या वाटेला लागली, आणि किसनराव कमरेला ओटी बांधून बायकांबरोबर कापूस वेचायला गेले.